फरसबीचा हिवाळा

ऐन उन्हाळ्यात फ्रीझर बंद पडला आणि सासूबाईंनी कंबर मोडून निवडलेल्या, वाफवलेल्या, हिवाळ्यासाठी साठवलेल्या फरसबीला पाणी सुटलं.

“आजच खाऊन टाकू ना, आई,” सून म्हणाली.

“हिवाळ्याची भाजी उन्हाळ्यात? माझ्या घरात असली थेरं चालायची नाहीत!”

पण फेकायलाही जीव होईना. मग सासूबाईंनी ट्रंक उघडली. घटकाभरात सगळं घर स्वेटर-कानटोप्या चढवून, घामाघूम होऊन ताटांवर बसलं.

“यंदा थंडी जरा जास्तच आहे,” सासरे बापडे फरसबी चावत म्हणाले.

शेवटची पिशवी संपतेय तोच सकाळीच दुरुस्तीला बोलावलेला मेकॅनिक फ्रीझरमागून ओरडला, “झाला चालू, आजी!”

“आता काय ओवाळू त्याला?” सासूबाईंनी मफलर सोडला. “काढा रे स्वेटर. संपला हिवाळा.”