तोंडात टाचण्या

शिंपीणबाईंच्या ओठांत टाचण्या होत्या आणि समोर वकीलबाई एका बाहीचा काळा कोट घालून उभ्या होत्या.

"उद्या सकाळी कोर्टात उभं राहायचंय मला," वकीलबाई म्हणाल्या. "मिळेल ना?"

"म्मं-हं, म्मं," शिंपीणबाई ओठ मिटूनच म्हणाल्या. त्यात होकार होता, धीर होता आणि जरासं 'हलू नका हो'सुद्धा होतं.

"म्मं?" मशीनखालून आवाज आला. तिथे कातरणांच्या ढिगात त्यांची मुलगी बसली होती. तिला सगळे रिळू म्हणत. तिसरं वर्ष सरत आलं होतं आणि तोंडातून अजून एक शब्द फुटला नव्हता.

"ऐकलंत?" स्टुलावर बसलेली रिळूची आत्या वकीलबाईंना म्हणाली. "दिवसभर हेच. आई टाचण्या चघळते आणि पोर हंबरते. म्हणून तर नेतेय हिला. माझ्या घरी दोन शाळकरी पोरं आहेत, सारखी बडबडत असतात. सहा महिन्यांत पोपटासारखी बोलायला लावते की नाही बघा."

रिळूच्या कपड्यांची पिशवी आत्याच्या मांडीवर होती. बस चारची होती. शिंपीणबाईंनी काल हो म्हटलं होतं आणि रात्रभर कूस बदलत काढली होती. पण बोलणार कुठल्या तोंडाने? पोर रांगायला लागल्यापासून त्या तिच्याशी बोलल्या त्या हातातलं काम न सोडता, म्हणजे टाचण्यांतून. भूक लागली का, कात्री ठेव खाली, आली बघ झोप, सगळं नुसतं म्मं आणि हं. गिऱ्हाइकांशी बोलायला तेवढ्या टाचण्या काढायच्या, कारण गिऱ्हाइकांना राग येतो. पोरीला शब्द मिळायचे कुठून? चूक आपलीच, असं त्यांच्या मनाने पक्कं घेतलं होतं.

"रिळू, इकडे बघ," आत्या वाकून म्हणाली. "म्हण, बटण. ब-ट-ण."

रिळूने ओठ घट्ट मिटले.

"बरं, कात्री म्हण. का-त्री."

रिळूने पाठ फिरवली आणि खरोखरच कात्रीकडे हात नेला.

"म्मंऽम्!" शिंपीणबाईंनी कोटावरची नजरही न काढता दटावलं.

"म्मं म्मंऽऽ?" रिळूने कुरकुर केली.

"म्म्."

"हं," रिळू म्हणाली आणि मुकाट्याने हात मागे घेतला.

"तुम्ही दोघी आत्ता भांडलात की काय?" वकीलबाईंनी विचारलं. तोवर आत्या उठली होती. तिने रिळूच्या चपला शोधून काढल्या आणि म्हणाली, "आटप गं वहिनी. बस काही आपल्यासाठी थांबायची नाही."

शिंपीणबाईंना समोरचं एकदम धूसर दिसायला लागलं. पुढची टाचणी कापडात न जाता थेट खांद्यात गेली.

"आई गं!" वकीलबाई ओरडल्या. "अहो, माझा खांदा आहे तो! आणि एक बाही अजून कापायचीय, आत अस्तर नाही, कॉलर उभी राहत नाही. उद्या कसला होतोय हा कोट? खरं सांगा, होणार आहे की नाही?"

अशा वेळी शिंपीणबाईंचं उत्तर ठरलेलं असे. दिवसातून किती गिऱ्हाइकांना त्या ते देत, देव जाणे. पण आज टाचण्या काढायला हात वर गेला आणि नजर आत्याच्या हातातल्या चपलांवरच अडकली.

मशीनखालून रिळू बाहेर आली. गळ्यात मापाची टेप, एक हात कमरेवर. दुसरा हात तिने वकीलबाईंच्या दिशेने असा झटकला, जणू सकाळपासून हिला हेच काम.

"होतंय होऽ! फक्त बतनं लायलीत!"

शब्द बोबडे होते, पण चालीत काडीची चूक नव्हती. 'होतंय हो' वर चढलं, 'फक्त'वर नेमका जोर पडला आणि 'राहिलीत' अगदी हळुवार खाली उतरलं, चिडलेल्या माणसाला खुर्ची पुढे करावी तसं.

आत्याच्या हातातली चप्पल हातातच राहिली.

वकीलबाईंनी आपल्या उघड्या दंडाकडे पाहिलं. "फक्त बटणं?" त्या म्हणाल्या. "आणि ही बाही?"

रिळूने सुस्कारा सोडला. किती हा उतावळेपणा, असा.

"बाही उद्याऽ," ती मान कलती करून म्हणाली. "नक्की! तुमी या तल खलं!"

"अगं बाई, ही तर बोलते!" आत्या मटकन स्टुलावर बसली. "वहिनी, हे हिला शिकवलं कुणी?"

शिंपीणबाईंनी टाचण्या तळहातावर काढल्या आणि हातभर लांब, टेबलावर ठेवून दिल्या. आपलाच आवाज होता तो, आपलाच चढ, आपलाच उतार. पोरीने सगळं उचललं होतं, मिटल्या तोंडाचं आणि उघड्या तोंडाचंही. आत्याने कपड्यांची पिशवी खाली ठेवली आणि पायाने हळूच स्टुलामागे सरकवली.

वकीलबाई मात्र एका बाहीच्या कोटात पोट धरून हसत होत्या. "जन्मातलं पहिलं वाक्य," त्या म्हणाल्या, "आणि तेही धडधडीत थाप! वकिलासमोर!"

शिंपीणबाई लेकीसमोर जमिनीवर बसल्या. तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"अजून एक मार गं, सोन्या," त्या म्हणाल्या. "अजून एक थाप मार."