खरखर

प्लायवुडच्या पार्टिशनपलीकडे मालकाची खुर्ची करकरली, तशा डबिंग स्टुडिओतल्या चौघीजणी बोलायच्या थांबल्या. मालक अंगचटीला येतो, हे गेल्या महिन्यात एकीने इथेच, डबा खाताना सांगितलं होतं. ते पलीकडे ऐकू गेलं आणि तक्रार लिहून व्हायच्या आत तिची नोकरी गेली.

चौघींपैकी ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या हेमांगीने लॅपटॉपवर आवाज तयार करायचा प्रोग्राम उघडला. पडद्यावरच्या एका चौकोनात तिने ‘नॉइज’ लिहिलं आणि रेघ ओढून तो स्पीकरच्या चौकोनाला जोडला. सगळे सूर एकदम वाजावेत तशी सपाट, न थांबणारी खरखर सुरू झाली. तिने स्पीकरचं तोंड पार्टिशनकडे वळवलं.

“आता सांगा, मी लिहिते,” कागद पुढे ओढत ती म्हणाली. एकमेकींच्या कानाशी लागून त्या बोलत गेल्या. चौघींच्या सह्या झाल्या.

तेवढ्यात मालकाने दार धाडकन उघडलं. “काय कटकट आहे ही? बंद कर आधी!”

हेमांगीने आवाज बंद केला. त्या शांततेत चौघींतल्या सर्वांत ज्येष्ठ तारामावशी कागद घेऊन उठल्या आणि माइकसमोर वाचतात तशा खणखणीत आवाजात, मालकासमोरच, तक्रार पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या.