अडतीस

"अडतीस?" रिपोर्ट डोळ्यांजवळ धरताच निवृत्त हेडमास्तर असलेल्या अण्णांचा चेहरा पडला. "अगं, मागच्या खेपेला बाराशे साठ होते! लेकी, एवढी घसरलीस?"

कुंदा हसत सुटली. तीन वर्षं मोठ्या आतड्याला सूज, रक्त जाऊन जाऊन अंगात त्राण नाही, आणि नातेवाईक म्हणायचे, "उष्णता असेल, ताक पी." त्यांच्या नानाची टांग! संडास नाही तिथे ती जायचीच नाही. आता धाकट्या बहिणीचं लग्न बसने सहा तासांवरच्या गावी. डॉक्टर म्हणाले होते, शौचाच्या तपासणीत आकडा पन्नासच्या आत आला, तर वऱ्हाडाच्या बसने खुशाल जा.

"अण्णा, हे मार्क नाहीत. सुजेचा आकडा आहे. इथे शून्याच्या जवळ जाईल तो पहिला!"

अण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. खिशातलं लाल पेन काढून अडतीसभोवती गोल काढला आणि शेजारी लिहिलं, शाब्बास. मग बसमधल्या जागांची यादी पुढे ओढली. "तुला दाराजवळ बसवलं होतं."

"खोडा ते," कुंदा म्हणाली. "मला मागच्या बाकावर बसायचंय. गाणाऱ्या पोरींच्या अगदी मधोमध."