रेघेजवळचं फूल

चौदा-शून्य. पंच झालेल्या अप्पांनी आकडा पुकारला, तोही हळूच.

लालबागच्या त्या चाळीच्या चारही गॅलऱ्या पटांगणावर ओणवल्या होत्या. जाळ्याच्या एका बाजूला राधाचा नवरा दत्ताराम, चाळीच्या क्लबाचा चँपियन. दुसऱ्या बाजूला दादरचा रामदास, मुंबई राज्याकडून खेळणारा. क्लबानं त्याला मुद्दाम बोलावलं होतं. बॅडमिंटनचा, पंधराचा एकच गेम. दत्ताराम आठवडाभर गिरणीत, नळावर, भेटेल त्याला सांगत होता, "जिंकणार नाय रे. पण दहा तरी घेतो का नाय, बघ."

राधा रामदासच्या बाजूला, अगदी मागच्या रेघेशी बाकावर बसली होती. मांडीवर दोन वर्षांची चंपा. रेघ बघणारा शिवा ऐन वेळी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेला गेला, म्हणून अप्पांनी तिला तिथं बसवलं होतं. "कॉलेजात शिकलेली तू. आत-बाहेर तरी कळेल," असं म्हणून.

तिला त्याहून जास्त कळत होतं. दत्तारामच्या ज्या फटक्यावर चाळीत टाळ्या पडत, तो फटका रामदास मनगट जरासं वळवून जाळ्यालगत ठेवून देत होता, ताटात मीठ वाढावं तसा. दत्ताराम अनवाणी धावत होता, धापा टाकत होता, गंजीफ्रॉक पाठीला चिकटला होता. रामदासच्या बुटांचा आवाजसुद्धा येत नव्हता.

आणखी एक पॉइंट, की भोपळा. हरण्याचं राधाला काही नव्हतं. पण या चाळीत एकदा नाव पडलं की ते पुसत नसे. दुसऱ्या मजल्यावरचा एक गिरणीतला साचेवाला कधीकाळी गणपतीच्या नाटकात वाक्य विसरला आणि विंगेकडे बघत राहिला. तेव्हापासून तो प्रॉम्प्टर. त्याची बायको प्रॉम्प्टरीण. त्याच्या मुलीला शाळेतही प्रॉम्प्टरचीच म्हणत. राधा लग्न होऊन आली तेव्हा तो मुलीचा बाप झालेला होता. त्याचं खरं नाव तिला कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. आता ती चंपाच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि मनात ऐकत होती : भोपळ्याची चंपा.

रामदासनं सर्व्हिस केली. दत्तारामनं जीव खाऊन फूल उंच मागं मारलं. रामदास दोन पावलं मागं आला, वर बघितलं आणि रॅकेट खाली घेतली. पिसांचं ते फूल राधाच्या पायाशी पडलं. रेघेच्या चार बोटं बाहेर.

"राधा, काय गं?" अप्पांनी लांबून विचारलं.

रामदास वळला. "वहिनी, तुमच्यासमोरच पडलं. आत की बाहेर?"

वर गॅलरीत कुणीतरी 'भोपळा' ओरडायला तोंड उघडून थांबलं होतं. दत्ताराम गुडघ्यांवर हात टेकून तिच्याकडे बघत होता.

"आत. रेघेवरच," राधा म्हणाली.

रामदासनं फूल उचललं. भिंतीवर घोषणा लिहून उरलेला चुना दत्तारामनंच सकाळी रेघांवर जाड ओतला होता. रेघेला लागलेलं फुलाचं बूच पांढरं होई. हे बूच काळं होतं, पाणी मारलेल्या मातीनं. रामदासनं ते बघितलं. मग राधाकडे बघितलं, चंपाकडे बघितलं.

"आतच आहे," तो अप्पांना म्हणाला. "सर्व्हिस त्यांची." फूल त्यानं चंपाच्या हातात दिलं. "ठेव तुला. बाबांनी मारलेलं आहे."

खेळाला त्यानं नवीन फूल घेतलं. त्यानंतर दत्तारामचे पॉइंट होऊ लागले. चंपाला भरवताना राधा तिचं तोंड उघडायची वाट बघत घास धरून थांबे. रामदास तसाच दत्तारामची रॅकेट वर यायची वाट बघून फूल सोडत होता. गॅलऱ्या दणाणल्या. राधा मान खाली घालून बसली. पाच झाल्यावर रामदासनं एक फटका मारला, तो कुणाला दिसलाच नाही. पंधरा-पाच.

रामदास बसस्टॉपकडे गेला, आणि वर दत्तारामच्या दारात माणसं जमली.

"पाच म्हंजे काय खेळ नाय हां," शेजारची जाईबाई म्हणाली.

"राज्याचा खेळाडू तो," दत्ताराम म्हणाला. "आणि हे बघा, स्वतः दिलंय पोरीला." त्यानं चंपाच्या हातातलं फूल काढून पुढं केलं.

फूल हातोहात फिरलं. सीतारामनं पिसं मोजल्यासारखी केली, उलटं केलं, बुचाकडे बघितलं आणि पुढं दिलं. दौलतनं बघितलं आणि पुढं दिलं. जाईबाईनं जरा जास्तच बघितलं. बोलणं हळूहळू थांबत गेलं. राधा उंबऱ्यात उभी होती. तिला वाटलं, कुणीतरी बोलावं एकदाचं. "चला, उद्या पहिली पाळी," असं म्हणत एकेक जण निघाला. दत्ताराम मोरीत तोंड धुवायला गेला.

फूल शेवटी प्रॉम्प्टरच्या हातात राहिलं होतं. गॅलरीच्या कठड्याशी पाठमोरा उभा राहून तो धोतराच्या सोग्यानं काहीतरी पुसत होता. मग त्यानं ते राधासमोर धरलं. बूच ओलसर होतं, आणि स्वच्छ.

"पोरीचं आहे, वहिनी. जपून ठेवा."

राधानं ते घेतलं. नावानं हाक मारून काहीतरी म्हणावं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या जिभेवर तेच एक नाव आलं.

"भाऊ," तो जिन्याकडे वळला तेव्हा ती म्हणाली, "तुमचं नाव काय हो?"

तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबला. जरासा हसला.

"आता कशाला, वहिनी?" तो म्हणाला आणि खाली उतरला.