सुकलेला गुच्छ

"टेकडीवर वारा असतो बाई, सुकलेल्या फुलांचा भुगा होईल. ताजीच न्या," मी सांगून थकले. माझ्या फुलांच्या दुकानात आलेल्या बाई ऐकेनात.

त्यांची मुलगी पळून जाऊन लग्न करणार होती, उघड्या टेकडीवर, चार मित्रांसमोर. बाईंनी तिचं फोनवरचं बोलणं दाराआडून ऐकलं होतं. पलंगाखाली तिने भरून ठेवलेल्या बॅगेत गुपचूप सरकवायला त्यांना गुच्छ हवा होता.

माझं तोंड फटकळ. "बाप कसाई असणार," मी म्हटलं. "असल्या माणसांपायी पोरींना चोरासारखं लग्न करावं लागतं."

बाई रिबीन बोटाला गुंडाळत राहिल्या.

"बरं, तारीख सांगा. त्या दिवशी सकाळी ताजा बांधून देते, कोमेजायचा प्रश्नच नाही."

"तारीख माहीत नाही. म्हणून तर सुकलेली मागतेय."

"अहो, मग पोरीला विचारा की. आईच ना तुम्ही?"



"विचारलं तर ती आजच पळेल. बाप गरीब गाय आहे हो तिचा. ती घाबरते ती मला."