दुभाष्याची लेक

गोऱ्या डॉक्टरचं बोलणं नारोपंत दुभाषी गावोगाव मराठीत सांगत. "गाईच्या फोडातली लस टोचून घ्या, म्हणजे देवी येणार नाहीत." लोक कचरत. कुणीतरी विचारी, "पंत, तुमच्या लेकीला टोचलंत?" पंत बेधडक मान डोलावत, आणि आया लेकरांचे दंड पुढे करीत.

खरं तर त्या परक्या विद्येवर पंतांचा भरवसाच नव्हता. आपल्या चिमीला त्यांनी सुईजवळ फिरकूही दिलं नव्हतं.

फाल्गुनात देवीची साथ आली. टोचलेली पोरं अंगणात खेळत राहिली. चिमीला मात्र देवी आल्या. ती वाचली, पण तिचे दोन्ही डोळे गेले.

पुढच्या गावी पंत तिला हाताला धरून घेऊन गेले. एका बाईने विचारलंच, "तुमच्या लेकीला टोचलं होतं का?"

"नाही," पंत म्हणाले. "लोकांना सांगत होतो ते मलाच पटलं नव्हतं."

बाई चिमीच्या व्रणांनी भरलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने आपल्या तान्ह्याचा दंड उघडा केला. सुई टोचताच बाळ रडलं.

"आप्पा, फार दुखतं का हो?" चिमीने विचारलं.

"मुंगी चावल्याइतकं," पंत म्हणाले. तिच्याकडे बघण्याचं त्यांचं धाडस झालं नाही.