सरांनी बांधलेला पूल

“ताई, नकाशात अशी खाडाखोड करायची नसते,” शहरातून आलेले प्रशिक्षक माइकवरून म्हणाले. पंचायत समितीच्या सभागृहात आम्ही बावीस आशा सेविका मोबाइल घेऊन बसलो होतो. कुणालाही दुरुस्त करता येणारा हा ऑनलाइन नकाशा बिनचूक झाला, की रुग्णवाहिका वाडीपर्यंत वेळेत पोचेल, असं त्यांनीच सांगितलं होतं. म्हणून मी आधी आमच्या ओढ्यावरचा पूल खोडला.

“सर, तो गेल्या वर्षीच्या पुरात वाहून गेला. मी रोज साडी खोचून ओढा ओलांडते.”

“पुरावा काय?” त्यांनी पडद्यावर उपग्रहाचं चित्र मोठं केलं. “हा बघा, धडधाकट पूल! नवख्यांनी घाई करू नये.” आणि त्यांनी पूल नकाशात परत टाकला. ठेकेदाराला तीन वर्षं लागली होती, सरांना एक बोट पुरलं.

पोहे खाऊन सर निघाले. नकाशानं जवळचा रस्ता दाखवला, तोच त्यांनी धरला. “लांबून जा,” मी म्हटलं, तर हसले.

अर्ध्या तासात हजेरीपटावरचा नंबर शोधून त्यांनी मलाच फोन केला. “ताई, इथं पूलच नाहीये! गाडीची पुढची चाकं ओढ्यात गेलीत!”

“पुरावा काय, सर?”

शेवटी माझ्या दिरानं ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर ओढली. संध्याकाळी मी नकाशा उघडला. पूल गेला होता. खाली सरांच्या नावानं शेरा होता: “प्रत्यक्ष पाहणी करून दुरुस्ती केली. नवख्यांनी जुन्या चित्रांवर विसंबू नये.”